पाखल्यांचे पोलीस, आमचे भावोजी

भटवाडी, घाटकोपर
२३ नोव्हेंबर १९८६

रुक्मिणताई,

खुशाली नंतर विचारते. आधी हे वाच: भावोजी माझ्या घरी आहेत आणि सुखरूप आहेत.

"पणजीला डोळे दाखवायला जातो" असं तुला सांगून ते निघाले आणि अनुपमा त्यांना घेऊन थेट मुंबईला आली. पोरीवर रागावू नकोस. त्या कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन केलेला उजवा डोळा गेला तो गेलाच. आता डाव्यातही मोतीबिंदू पिकलाय. म्हापशाच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, हा एकच उरलाय, इथे कोणाला हात लावू देऊ नका, मुंबईला न्या. आणि मुंबईत तुमचं माझ्याशिवाय आहे कोण?

माझा पत्ता तिला तुझ्या फडताळात मिळाला. दर दिवाळीला मी कार्ड टाकते, तू उत्तर देत नाहीस. पण कार्डं जपून ठेवतेस हे तिच्याकडून कळलं. बरं वाटलं गं.

शुक्रवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. दारात एक उंच म्हातारा, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभा. मी ओळखलं नाही. तुझ्या लग्नात मी चौदाची होते, तेव्हाच्या त्या मिशा, तो कोट आणि होडीत बसताना त्यांनी तुला दिलेला हात, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर. ते म्हणाले, "मालन, मी काशीराम. जागेची अडचण असली तर धर्मशाळेत उतरतो. फक्त रस्ता सांग." मी म्हटलं, "भावोजी, आधी आत या, मग अडचण बघू."

अडचण आहेच. एक खोली आणि स्वयंपाकघर. आमचे हे गिरणी बंद पडल्यापासून विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमन आहेत. रात्रपाळी असली की खाट रिकामी, ती भावोजींना. दिवसा हे झोपले की भावोजी बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. चाळीतल्या बायका विचारतात, कोण गं? मी सांगते, माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, गोव्याचे. सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटत नाही, हे तुला मुद्दाम लिहिते.

परळच्या धर्मादाय इस्पितळात येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. दादाला, म्हणजे आपल्या गुणाजीला, मी अजून कळवलेलं नाही. तो कांजूरमार्गला असतो, चार स्टेशनंही लांब नाही. त्याच्या घरी भावोजींचं नाव काढत नाहीत, हे तुला नव्याने सांगायला नको. पण त्याची काळजी तू करू नकोस. मी बघते.

तुझी,
मालन


८ डिसेंबर १९८६

रुक्मिणताई,

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं. गुरुवारी घरी आणलं. डोळ्यावर हिरवी झापड आहे, वाकायचं नाही, शिंकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. आठवडाभर तर त्यांना अंधारच. अनुपमा शाळेतून रजा घेऊन आलीय, ती सगळं करते. पोरगी तुझ्यावर गेलीय, बोलते कमी आणि ऐकून घेते त्याहून कमी.

भावोजी फार कमी जेवतात. मी तिरफळं घालून बांगडे केले तेव्हा मात्र दोनदा भात मागून घेतला. म्हणाले, "तुझ्या बहिणीचा हात असाच." 

काल रविवार, दादा येऊन गेला. बरा आहे. भावोजी पडून होते, त्यामुळे बोलणं झालं नाही. दादा कामात होता, चहाला थांबला नाही.

तुझं उत्तर नाही. राग असेल तर रागाचं पत्र लिही, पण लिही.

मालन


१५ डिसेंबर १९८६

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चोवीस वर्षांनी आलेलं पहिलं कार्ड, आणि त्यात काय, तर "त्यांना लगेच परत पाठव. माझ्या माहेरच्या माणसांचं पाणी त्यांनी प्यायचं नाही. आणि गुण्या काय बोलला ते खरं लिही."

परत पाठवणार नाही. टाके आहेत. एसटीने एवढ्या लांब खड्ड्यांतून पाठवलं तर डोळ्याची वाट लागेल. मग तू मला आयुष्यभर शिव्या देशील, आणि तेव्हा तुझं बरोबर असेल.

आता खरं लिहिते. दादा आला तो "काय गं, मासळीचा वास खाली जिन्यापर्यंत येतोय" असं म्हणतच आला. दारात चप्पल काढली, आत बघितलं आणि तिथेच थांबला. खाटेवर भावोजी, झापड लावून. तरी ओळखलं.  भावोजींनी विचारलं, "कोण आलंय?" मी एकदम बोलून गेले, "शेजारचे."

दादाने माझ्याकडे बघितलं. सख्ख्या बहिणीच्या घरात त्याला शेजारी केलं मी. त्याने चप्पल पायात घातली आणि गेला. त्याची ती चाल तू कधी ऐकली नाहीस. एक पाय पडतो, दुसरा घासत येतो. जिना उतरेपर्यंत आवाज येत होता.

आवाज थांबेपर्यंत भावोजी कान देऊन होते. मग म्हणाले, "तुझा शेजारी लंगडतो."

मी म्हटलं, "हो."

"डावा ना?"

 अनुपमा भांडी घासत होती, तिचा हात थांबला. भावोजी म्हणाले, "तो मी मोडला," आणि भिंतीकडे तोंड केलं. पोरीला हे माहीत नव्हतं, ताई. तू तिला एवढंच सांगितलं होतंस की मामा गर्विष्ठ आहे.

तिने मला बसवलं आणि विचारलं. मी सांगितलं. तुझ्या बाजूचं तुला ठाऊक, माझ्या बाजूचं मी. तुझं लग्न झालं तेव्हा आपलं आरोंदा आणि तुझं किरणपाणी यांच्यात फक्त खाडी होती. इकडे हिंदुस्थान आणि तिकडे पाखल्यांचं, पोर्तुगिजांचं राज्य, हे शाळेतल्या नकाशात. सकाळी होडीतून यायचं, दुपारी आईकडे जेवायचं, दिवे लागायच्या आत परत. भावोजी लग्नात शिपाई नव्हते. बागायत तुझ्या सासऱ्यांच्या भावाने बळकावली, घरात खाणारी तोंडं वाढली, तेव्हा पोर्तुगिजांच्या पोलिसात शिरले. परक्यांची चाकरी कशाला, असं कोणी म्हणालं नाही तेव्हा. आईनेच पेढे वाटले होते.

मग पंचावन्नचा ऑगस्ट. दादा बावीसचा. सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर झेंडा घेऊन खाडी ओलांडून गेला आणि संध्याकाळी पाखल्यांनी त्याला होडीत टाकून अलीकडे ढकललं, पाय मोडलेला. त्यानंतर सरकारने हद्दच बंद केली. होडी बंद. तू तिकडे, आम्ही इकडे.

आई रोज तिन्हीसांजेला खाडीवर जायची. तू पलीकडे यायचीस. वारा असला की हाका पोचायच्या नाहीत, नुसते हात हलवायचे. अठ्ठावन्नला आई गेली तेव्हा शेवंतीवहिनीने आग्रह धरला की चिता खाडीच्या काठावरच रचा, रुक्मिणवन्संना दिसू दे. तू उभी होतीस. भावोजी गणवेशात तुझ्यामागे उभे होते आणि त्यांनी टोपी काढली, असं वहिनी सांगते. दादा हे कधी सांगत नाही. त्यानेही बघितलं होतं.

आणि मग गोवा सुटला. सगळीकडे फटाके, मिठाई. आमच्या परळच्या चाळीत लोकांनी गुलाल उधळला. मी तर वेड्यासारखी नाचले, म्हटलं आता ताई येईल. तू आलीस. संक्रांतीला, अनुपमाला कडेवर घेऊन, पहिल्या होडीने. आणि दादाने तुला उंबऱ्यावरून परत पाठवलं. काय बोलला ते मला वहिनीने सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

अनुपमाने सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे आई अजून तिथेच उभी आहे."

मालन


२१ डिसेंबर १९८६

ताई,

हे पत्र बसून वाच. जवळ कोणी असेल तर त्याला बाहेर पाठव.

परवा एकोणीस तारखेला गोवामुक्तीला पंचवीस वर्षं झाली. इथल्या मंडळाने मैदानात मांडव घातला होता. भटवाडीत निम्मे लोक आपल्याच बाजूचे, वेंगुर्ल्याचे, सावंतवाडीचे, मालवणचे. दादाचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, फोटो. दर पंधरा ऑगस्टला तो तिथे बोलतो आणि लोकांना त्याचं भाषण पाठ झालंय.

दुपारपासून लाऊडस्पीकरवरून त्याचं नाव येत होतं. भावोजी खुर्चीत बसून ऐकत होते. पाच वाजता म्हणाले, "अनू, माझा सदरा काढ. आपण जाऊ."

मी म्हटलं, "भावोजी, कशाला? गर्दीत धक्का लागेल."

"मेव्हण्याचा सत्कार आहे. घरचं कोणी नको?"

ते हट्टाला पेटले की काय होतं ते तुला माहीत. अगदी मागच्या रांगेत, मांडवाच्या खांबाजवळ मी त्यांना बसवलं. हिरवी झापड, पांढरा सदरा. दादाला स्टेजवरून दिसणार नाही असं मला वाटलं होतं. दिसलं.

दादा बोलायला उभा राहिला. खाडी, झेंडा, काठावरची झाडी, पोलिसांचा वेढा, सगळं नेहमीसारखं. मग ते येतं, "आणि त्या क्रूर पोलिसाने...". तिथे तो थांबला. माईक हातात, नजर आमच्याकडे. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. टाळ्या पडल्या. तो "जय हिंद" म्हणून खाली बसला.

घरी येऊन मी दिवा लावतेय तोवर दादा दारात. खांद्यावर शाल तशीच. हे ड्यूटीवर जायला निघाले होते, ते खाली बसले. दादा भावोजींच्या समोर उभा राहिला.

"कित्याक इललंस थंय?"

भावोजी म्हणाले, "ऐकूक. नाव घ्यायचं होतंस माझं. मी उभा राहिलो असतो."

"एकच सांग. मी कोण ते ठाऊक होतं ना तुला तेव्हा?"

"होतं. झाडीतून बाहेर आलात तेव्हाच ओळखलं. मनात म्हटलं, देवा, त्याला माझ्याकडे बघू देऊ नको. तू बघितलंस. आणि 'भावोजी' म्हणून हाक मारलीस."

दादा खाली बसला. ही हाक, ताई, त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. वहिनीलाही नाही. वंदे मातरम् म्हणत गेलेला पोरगा बंदुका बघून भावोजींना हाक मारतो, याची त्याला लाज वाटत होती इतकी वर्षं.

भावोजी म्हणाले, "आमच्या तुकडीवरच्या गोऱ्या कापोरालला आपली भाषा तेवढी कळायची. त्याने विचारलं, कोण लागतो तुझा? मी म्हटलं, बायकोचा भाऊ. तो हसला. म्हणाला, मग तूच मार, बाकीचे बघतील."

"आणि तू मारलंस."

"मारलं. हळू मारलं असं मी सांगणार नाही. घाबरलेल्या माणसाचा हात जोरात चालतो. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्यानंतरही एक काठी मारली."

आमच्या ह्यांनी घसा खाकरला.  दादा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता उठेल आणि त्यांच्यावर हात टाकेल. भावोजींनाही तसंच वाटलं असणार, ते हात मांडीवर ठेवून, मान वर करून नुसते बसले होते. अडवायला हात उचलणार नव्हते.

बोलली ती अनुपमा. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मामा, बाबांनी मारलं. त्यांचा तुम्ही काय तो हिशेब करा. पण माझ्या आईने काय केलं होतं? तिने कोणाला मारलं?"

दादाने खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली.

"ती स्वतःच्या आईच्या मरणाला येऊ शकली नाही. रस्ता उघडल्यावर पहिल्या होडीने आली. मी कडेवर होते. मी पाखल्यांची होते की तुमची?"

"अनू, पुरे," भावोजी म्हणाले.

"नाही, बोलू दे तिला," दादा म्हणाला. पण ती आत निघून गेली. मी चहा ठेवला. तो कोणी प्यायला नाही. दादा तसाच बसून राहिला आणि मग उठताना, भावोजींना नाही, मला विचारलं, "डोळा कधी उघडायचा म्हणतात?"

तू खरं लिही म्हणालीस, हे खरं.

मालन


२५ जानेवारी १९८७

रुक्मिणताई,

अनुपमाने तार केली असेल, काल ते दोघं इथून निघाले. जाड भिंगाचा चष्मा मिळालाय. त्यातून भावोजींचा डोळा लिंबाएवढा दिसतो, हसू नकोस. वाचता येतं, पायरी दिसते, माणूस ओळखता येतो. डॉक्टरांनी चष्मा घातला तेव्हा दादा तिथेच होता. भावोजींनी आधी त्याच्या पायाकडे बघितलं. बराच वेळ. मग तोंडाकडे. म्हणाले, "म्हातारो झालंस रे." दादा म्हणाला, "तू काय कवळो रवलंस?"

मधल्या काळात काय झालं ते तुला कळवलं नव्हतं, कारण मलाच नीट कळत नव्हतं. सत्काराच्या नंतरच्या रविवारी दादा आला आणि पॅसेजमध्ये भावोजींच्या शेजारी स्टूल टाकून बसला. तासभर दोघं गप्प. पुढच्या रविवारी खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या कुठे चांगल्या मिळायच्या यावर भांडले. मी आतून ऐकत होते. भांडण ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

एकदा दादाने विचारलं, "आपली फौज आली तेव्हा खंय होतंस?"

भावोजी म्हणाले, "काजूच्या बागेत. गणवेश विहिरीत टाकला आणि लपलो. खाली लोक नाचत होते, झेंडा चढवत होते. मलाही खाली जावंसं वाटत होतं. पण कुठल्या तोंडाने? मग पकडून नेलं, चार प्रश्न विचारले, सोडलं. नोकरी परत मिळाली नाही. दुसऱ्या कोणाकोणाला घेतलं, मला नाही. सगळा गोवा हिंदुस्थानात गेला, गुणाजी, मी तेवढा मागे राहिलो."

"मग काय केलंस?"

"तरीवर लागलो. लोकांना होडीतून खाडी पार करून द्यायची."

दादाला हे ठाऊक होतं का, मला कळलं नाही. मी मात्र थक्क झाले. म्हणजे इतकी वर्षं भावोजी रोज आरोंद्याच्या धक्क्याला होडी लावत होते! दादा गणपतीला, मे महिन्यात गावी जायचा, तेव्हाही. धक्क्यापासून आपलं घर किती लांब? आणि एकदाही वर चढले नाहीत. मी विचारलं, का? म्हणाले, "तुझी बहीण जाईना, तर मी कसा जाऊ?"

काल एसटीवर सोडायला दादा आला होता. सामान वर चढवू देईना कोणाला, स्वतः चढवलं, त्या पायाने. गाडी सुटताना खिडकीशी जाऊन म्हणाला, "मे महिन्यात मी येतो. तिला सांगून ठेव." भावोजी म्हणाले, "मी नाही सांगणार. तू ये आणि तूच सांग."

म्हणून मीही काही सांगत नाही. तुझं दार, तुझी मर्जी.

मालन


२७ एप्रिल १९८७

ताई,

दादाने रजा टाकलीय. तीनदा येऊन विचारून गेला, तिचं काही पत्र? मी नाही म्हणाले. काल म्हणाला, "मालन, तूही चल ना." मी म्हटलं, "बंदुकांसमोर माझ्याशिवाय गेला होतास ना, मग?" तर म्हणाला, "त्यांना मी ओळखत नव्हतो."

मी येत नाहीये. ह्यांना बरं नाही. पण खरं म्हणजे, तुम्हा दोघांच्या मध्ये आता कोणी नको.

मालन


किरणपाणी, पेडणे
१ जून १९८७

मालन,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. हात दुखतो आणि मन त्याहून जास्त. पण गुण्या तुला अर्धवट सांगेल, स्वतःला वाईट करून सांगेल, म्हणून मीच लिहिते.

तो आला तेव्हा मी अंगणात कोकमं वाळत घालत होते. बेड्याच्या फाटकाशी आवाज झाला. पाय पडला, मग घासत आला. तू लिहिलं होतंस तसाच. मी मान वर केली नाही. ह्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं, त्याला दिलं नाही. बस म्हटलं नाही. उन्हात उभा राहिला. हे मध्ये काही बोलायला लागले, त्यांना मी आत पाठवलं.

मला वाटलं होतं, तो माफी मागेल आणि मग मी बोलेन. पंचवीस वर्षं मी ते बोलणं तयार ठेवलं होतं. त्याने माफी मागितली नाही. म्हणाला, "ताई, आयेच्या तोंडात शेवटाक तुजाच नाव होता. 'रुक्मीक हाडा' म्हणत गेली. माका ठावक होता. तरी मी तुका दारातसून परत धाडलंय."

माझ्या हातातली सुपली खाली पडली. आई मला आणा म्हणत गेली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं गं. आई शेवटी काय म्हणाली, कुठल्या कुशीवर होती, तिला तहान लागली होती का, मी कोणाला विचारणार होते? पलीकडच्या काठावरचा धूर बघितला, बस. मी विचारलं, "आणि काय म्हणाली?"

तो खाली मातीतच बसला, पाय लांब करून, आणि सांगायला लागला. तीन वर्षांतलं सगळं. आई खाडीवर जाताना माझ्यासाठी काय काय ओच्यात बांधून न्यायची आणि परत आणायची. मी हात हलवला की घरी येऊन सांगायची, आज रुक्मी जाड दिसली, आज पोटुशी वाटते. ऊन माथ्यावरून उतरलं. माझी कोकमं तशीच राहिली.

मी त्याला म्हटलं, "गुण्या, मी तुला माफ केलेलं नाही. ह्यांनाही नाही, तुझा पाय मोडून आले तेव्हा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. पण त्यांना जेवायला घालत होते. ऊठ, पाय धू. जेवूक बस."

चार दिवस राहिला. मग आरोंद्याच्या घरी गेला, शेवंती तिथे आली होती. जाताना मला चल म्हणाला नाही. भ्याला असेल.

परवा तीस तारखेला गोवा वेगळं राज्य झालं. पेडण्याच्या बाजारात फटाके, भाषणं. अनुपमा शाळेतल्या पोरांना घेऊन मिरवणुकीत गेली होती. हे ओटीवर बसून रेडिओ ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, "उठा. होडी कोणाची तरी मागून घ्या. मला पलीकडे जायचंय."

त्यांनी माझ्याकडे त्या मोठ्या डोळ्याने बघितलं. होडी मागून आणली. स्वतः वल्हवलं. तरीचं काम सोडून वर्ष झालं त्यांना, दम लागत होता, पण दुसऱ्याला हात लावू देईनात. आईला जिथे नेलं होतं तिथे काठावर मी थोडी थांबले. तिथे आता केवड्याचं बन आहे. मग आम्ही वर चढलो. हे माझ्यामागून, दोनदा थांबले. मी म्हटलं, "आता कसली भीती? चला."

शेवंती अंगण झाडत होती, ती झाडू टाकून ओरडली. गुण्या आतून धावत आला, धावत म्हणजे त्याच्या परीने. आणि दारातच थांबला. दोन्ही हात चौकटीला धरून रडायला लागला, लहान पोरासारखा. मला परत धाडलं तेव्हाही चौकट धरून असाच उभा होता तो, मालन, अगदी असाच. शेवंती म्हणते, अहो त्यांना आत तरी घ्या. पण त्याला काही ऐकू येईना.

मी जवळ गेले. म्हटलं, "बाजूक हो रे. तू असो दारात उभो रवलंस तर मी भितर कशी येव?"

रुक्मिण